व्हिंटेज मोटोक्रॉस: नोव्हिसमधून वर ढकललंय. गुमान जाऊ की भांडू?

एल्सिनोरकर

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी ओहायोत असतो, मूळचा पुण्याचा, वय वर्षं ५४. गेली तीन वर्षं जुन्या मोटोक्रॉस गाड्यांच्या (मातीच्या, उड्या-वळणांच्या ट्रॅकवर धावणाऱ्या मोटरसायकलींच्या) शर्यतींत उतरतो. गाडी होंडा सीआर २५० एम, १९७३ ची, म्हणजे एल्सिनोर. होंडाने बाजारात आणलेली पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी ती हीच. नाव कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोरच्या शर्यतीवरून पडलं. त्याच साली गॅरी जोन्सने होंडावर अमेरिकेची २५० सीसीची चॅम्पियनशिप मारली होती. माझ्या हाताखाली ती एवढी उडत नाही, धूर मात्र तेवढाच काढते.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मोटोक्रॉसच्या गाडीला मागे दोन शॉक आणि चाकाला वर-खाली व्हायला जेमतेम चार इंच जागा असायची. मग १९७३ मध्ये यामाहाचा मोनोशॉक (मागे एकच शॉक) आला, माइको या जर्मन कंपनीने शॉक पुढे सरकवले, आणि दोन-तीन वर्षांत आधीच्या सगळ्या गाड्या एकदम म्हाताऱ्या झाल्या. व्हिंटेजची रेघ साधारण तिथेच ओढलेली आहे. इथली मोठी संस्था म्हणजे अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन, बोलताना सगळे 'अहर्मा' म्हणतात. त्यांच्या व्हिंटेज वर्गांत पुढच्या चाकाला सात इंच आणि मागच्या चाकाला चार इंच ट्रॅव्हल (वर-खाली व्हायची जागा) चालतो, त्याच्या वर नाही. टेप लावायची, मोजायचं, विषय संपला.

भानगड आहे ती माणसांच्या वर्गांची. नोव्हिस, इंटरमीडिएट, एक्सपर्ट अशा तीन पायऱ्या. त्याशिवाय ४०+, ५०+, ६०+ असे वयाचे गट. माणसाला टेप कुठे लावणार? पहिल्यांदा नाव नोंदवताना तुम्हीच सांगायचं की तुम्ही कोण. मी ५१ व्या वर्षी पहिल्यांदा मातीत गाडी घातली, त्यामुळे अर्थातच नोव्हिस.

गेल्या मोसमात आमच्या इथल्या छोट्या क्लबच्या सहापैकी चार शर्यती मी नोव्हिसमध्ये जिंकलो. परवा ईमेल आला, पुढच्या मोसमापासून तुम्ही इंटरमीडिएट. खाली अभिनंदन वगैरे.

आता माझं रडगाणं. नोव्हिसमध्ये आम्ही मोजून पाच जण. एकाची गाडी दर शर्यतीत बंद पडते. एक ७१ वर्षांचे आजोबा आहेत, ते मुळात फिरायला आल्यासारखे येतात आणि वळणावर बघ्यांना हात करतात. म्हणजे मी हरवलं कुणाला? आणि पाचवा, जो उरलेल्या दोन्ही शर्यती जिंकला, तो तरुणपणी 'ए' वर्गात, म्हणजे प्रोच्या खालच्याच पायरीवर, धावायचा म्हणे. ३० वर्षांनी परत आलोय, सगळं विसरलोय असं सांगतो. त्याला काही ईमेल नाही. तो नोव्हिसच.

तर प्रश्न असा. रायडरची पायरी कशावरून ठरावी? निकालावरून, वेळेवरून, पूर्वीच्या इतिहासावरून, की वयावरून? आणि मी क्लबशी भांडू का गुमान वर जाऊ?

खवचट_काका

अभिनंदन! बढती मिळाल्याची तक्रार करणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. सरकारी नोकरीत असतात तर बढतीवरची बदली थांबवायला मंत्रालयात खेटे घातले असतेत.

पाचांत पहिला येण्यापेक्षा बारांत दहावा येणं चांगलं की वाईट, एवढाच तुमचा प्रश्न आहे. बाकी सगळा धूर.

टू_स्ट्रोक_धूर

अरे, तूच का तो, सहकारनगरच्या उतारावर माझी आरएक्स १०० आडवी करून वर 'ब्रेक लागला नाही' म्हणणारा? ५१ व्या वर्षी पहिल्यांदा मातीत घातली म्हणे! तळजाईच्या टेकडीवर काय करायचास मग?

असो. नव्वदच्या दशकात आम्ही पुण्यात डर्ट ट्रॅकला धावायचो तेव्हाही नोव्हिस होताच, पण आपल्याकडे दुसरी एक रेघ होती जी तुमच्याकडे दिसत नाही. कंपनीच्या टीमचा रायडर वेगळा आणि घरची गाडी घेऊन आलेला वेगळा. म्हणून 'प्रायव्हेट एक्सपर्ट' असा वर्ग. कौशल्य किती यापेक्षा तुझ्या मागे कोण उभं आहे हे आधी बघायचे. कंपनीवाल्याकडे दोन मेकॅनिक आणि टायरचा ढीग, आमच्याकडे मामेभाऊ आणि एक पाना. त्या वर्गात मला कधी अन्याय झाल्यासारखं वाटलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हाही तेच दिसलं. परदेशी रायडर्सचे ४५० आणि २५० चे वर्ग निराळे, आणि 'भारत-आशिया मिक्स' म्हणून २५० चा एक निराळा. पायरीच आहे ती, फक्त नाव पायरीचं नाही.

तुझ्या त्या 'विसरलोय'वाल्याबद्दल: सायकल विसरतो का माणूस?

हिशोबनीस

रोचक धागा. पण एक माहिती हवी. तुमच्याकडे ट्रान्सपॉन्डर असतात ना? म्हणजे प्रत्येक फेरीची वेळ मिळत असणार. निकाल हा फार आळशी मापदंड आहे. निकालात समोर कोण होतं तेही मिसळलेलं असतं. वेळ फक्त तुमची असते.

मी असं करीन: त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर इंटरमीडिएटच्या मधल्या रायडरची सरासरी घ्यायची. तुमची सरासरी त्याच्या पाच टक्क्यांच्या आत आली की वर. सोपं.

फेऱ्यांच्या वेळा टाका इथे, तुमच्या आणि त्या पाचव्याच्या.

जावावाला

नाशिकहून लिहितोय. जावा-येझदी उघडणं-जोडणं हा धंदा, शर्यतीचा अनुभव फक्त कुंपणाबाहेरून. तरी दोन शब्द.

हिशोबनीस, पाच टक्के वगैरे ठीक आहे, पण व्हिंटेजमध्ये गाडी मधे येते त्याचं काय? एल्सिनोर ही त्या रांगेतली हलकी, चपळ गाडी. तिच्या शेजारी कुणी साठच्या दशकातली ब्रिटिश बीएसए घेऊन उभा असेल तर त्याचा उजवा पाय गिअरवर आणि डावा ब्रेकवर असतो. जुनी बुलेट चालवलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. घाबरलेल्या क्षणी पाय सवयीच्या बाजूला जातो. मग ब्रेक म्हणून गिअर पडतो. आधुनिक गाडीवरचा भलाभला एक्सपर्ट, फुटभर ट्रॅव्हल आणि डिस्क ब्रेकची सवय असलेला, ड्रम ब्रेकच्या गाडीवर पहिल्या दिवशी नोव्हिस दिसतो. तो खोटं बोलत नसतो, त्या गाडीवर तो असतोच नोव्हिस. महिनाभराने नसतो.

म्हणजे पायरी माणसाची की माणूस अधिक गाडीची?

अवांतर: सीझेडवर कुणी धावतं का तुमच्याकडे? जावाची बहीणच ती. जोएल रोबेर १९६४, ६८ आणि ६९ साली सीझेडवर २५० चा विश्वविजेता झाला होता. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरला जावा बनायला लागली, ती त्याच घरातली. फोटू टाका.

एल्सिनोरकर

@टू_स्ट्रोक_धूर: ब्रेक खरंच लागला नव्हता. आणि तळजाईला मी मागे बसलेलो असायचो.

@जावावाला: सीझेड आहेत की, दोन-तीन तरी. आवाजावरून ओळखतो मी, घरी येझदी होती. नियमाने पायरी माणसाचीच असते. गाडी बदलली, वर्ग बदलला, तरी तुमची पायरी तुमच्यासोबत येते. एका दिवशी मी 'स्पोर्ट्समन २५०' या गाडीच्या वर्गामध्येही धावतो आणि ५०+ मध्येही, दोन्हीकडे नोव्हिसच.

@हिशोबनीस: घ्या. ऑक्टोबरची शेवटची शर्यत, दुसरी मोटो (म्हणजे शर्यतीचा दुसरा भाग), पाच फेऱ्या.
मी: २:३१, २:३४, २:४९, २:३३, २:४१.
पाचवा: २:३८, २:३८, २:३९, २:३८, २:२६.

२:४९ ला मी चाकोरीत अडकून आडवा झालो होतो. शेवटच्या फेरीत त्याने मला मागे टाकलं.

हिशोबनीस

हसून हसून पुरेवाट!

चार फेऱ्या एका सेकंदाच्या फरकात आणि पाचवी एकदम बारा सेकंद कमी? हा माणूस झोपेत गाडी चालवत होता, शेवटच्या फेरीला उठला. सगळं विसरलेल्याच्या फेऱ्या अशा घड्याळासारख्या पडत नाहीत.

माझा पाच टक्क्यांचा नियम मी मागे घेतो. सरासरीने बघितलं तर तुम्ही दोघं सारखेच. तर फरक सरासरीत नाहीच, पसरटपणात आहे. तुमची सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट फेरी यांत १८ सेकंद, आणि त्याच्या पहिल्या चारांत एक. तुमची चांगली फेरी इंटरमीडिएटची असेलही, पण वाईट फेरी सांगते तुम्ही कोण ते.

माणदेशी

वाचतोय. गाडीतलं मला काही कळत नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे जत्रेत दरवर्षी सुटतो, म्हणून लिहितो.

कुस्तीच्या मैदानात सकाळी पोरं लाइनीत उभी राहतात. वजनकाटा नसतो. पंच म्हणून गावातले जुने पैलवान असतात, ते लाइनीतून फिरतात. एखाद्याच्या खांद्याला हात लावतात, मान बघतात, कान बघतात. कान मोडलेला असला की समजायचं, पोरगं तालमीतलं आहे, नुसतं शेतात वाढलेलं नाही. मग दुसऱ्या टोकाचा एक उचलून आणतात, दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. झाली जोड. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी, मग नारळ, मग रुपये चढत जातात. जोड चुकली तर पब्लिक पंचालाच शिव्या घालतं, पैलवानाला नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे सगळी जबाबदारी रायडरवर टाकलीय, तूच सांग तू कोण. असं आमच्यात विचारलं तर सगळी रेवड्यांच्या लाइनीत उभी राहतील.

बैलगाडा शर्यतीत तर त्याहून सोपं. २०२१ च्या डिसेंबरात कोर्टाने परवानगी दिल्यापासून आमच्याकडे मैदानं जोरात आहेत. तिथे बैलाला विचारायची सोयच नाही. जबडा उघडायचा, दात बघायचे. आदत, दुसा, चौसा. दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा. मालक काही का सांगेना.

तुमच्या त्या पाचव्याचा जबडा उघडून बघा.

खवचट_काका

५४ वर्षांच्या माणसांचे दात मोजायला गेलात तर निम्मे परत आदतमध्ये जातील.

ब्रिस्टलवाली

मी इथे सहसा फक्त वाचते, पण या विषयावर गप्प बसवत नाही. नवरा इंग्रज, जुन्या गाड्यांच्या स्क्रॅम्बलला ४० वर्षं धावतोय. स्क्रॅम्बल हा इथला जुना शब्द, पहिली स्क्रॅम्बल १९२४ च्या मार्चमध्ये सरे परगण्यात कॅम्बर्लीला झाली, मोटोक्रॉस नाव नंतर युरोपातून आलं. मी स्वतः गेली १५ वर्षं ट्रॅकवर झेंडा धरून उभी राहते, रविवार सगळे चिखलात.

पहिली गोष्ट. तुम्ही सगळे कपाबद्दल बोलताय. कप हा विषयच नाही. पायऱ्या कशासाठी असतात ते पहिल्या वळणावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ३० गाड्या एका रुंदीत निघतात आणि दोनशे यार्डांनी ती रुंदी चार गाड्यांची होते. सगळे सारखे वेगवान असतील तर काही होत नाही. सगळे सारखे हळू असतील तरी काही होत नाही. एक जण वळणाच्या आधी तीस फुटांवर ब्रेक लावतो आणि त्याच्या मागचा दहा फुटांवर लावणार असतो, तेव्हा मी पिवळा झेंडा उचलते आणि अँब्युलन्सकडे बघते. म्हणून एक्सपर्ट पुढच्या रांगेत आणि बाकीचे काही सेकंदांनी मागून सोडतात.

दुसरी गोष्ट. झेंड्यापाशी उभं राहिलं की कोण कुठल्या पायरीचा ते नंबर न वाचता कळतं, डोळे मिटूनसुद्धा. नोव्हिस थ्रॉटल बंद करतो, मग ब्रेक लावतो, आणि त्या दोन्हींच्या मधे एक शांतता असते. पक्षी ऐकू येतात त्या वेळी, खरंच. इंटरमीडिएटची शांतता छोटी असते, आणि एक्सपर्टची गाडी गप्प होतच नाही, तिचा आवाज फक्त जाड-बारीक होतो. हे कुठल्याही ट्रान्सपॉन्डरमध्ये येत नाही.

मग मला कुणी विचारतं का? नाही. कागद बघतात.

टू_स्ट्रोक_धूर

ब्रिस्टलवाली ताई, दंडवत. पक्षी ऐकू येतात हे वाचून मी खुर्चीतच थ्रॉटल बंद केला.

एल्सिनोरकर

ताई, हे वाचून झोप उडाली. मी त्या शांततेतलाच आहे हे मला आत्ता कळलं. मोबाइलवर घेतलेला एक जुना व्हिडिओ होता, कानाला हेडफोन लावून ऐकला. पक्षी नाहीत, पण बायको 'अगं बाई' म्हणालेली स्पष्ट ऐकू येते.

पण मग प्रश्न उलटाच झाला. माझी शांतता एवढी मोठी असेल तर मी इंटरमीडिएटच्या सुरुवातीच्या गेटवर धोका नाही का?

ब्रिस्टलवाली

सगळ्यांत मोठा धोका वर जाणाऱ्यांचा नसतो हो. वर जाणारा घाबरलेला असतो, तो कडेने चालतो. धोका असतो तो खाली न येणाऱ्यांचा, आणि त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

आमच्या घरचंच सांगते. नवरा ६८ वर्षांचा. १९८० च्या आसपास तो खरोखर एक्सपर्ट होता, मी साक्षीदार आहे. आता गुडघा दोनदा उघडलाय, डोळ्याला मोतीबिंदूची सुरुवात. पण नाव नोंदवताना पेन आपोआप 'एक्सपर्ट'वर जातं. मग काय होतं, पहिल्या रांगेतून निघतो, तिसऱ्या फेरीला पुढचे सगळे त्याला एक लॅप देऊन मागून येतात, आणि मी निळा झेंडा हलवत उभी. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. त्याला निळा दिसत नाही. मोतीबिंदूमुळे की मानीपणामुळे, ते मी विचारलेलं नाही.

तरुणांच्या मोटोक्रॉसमध्ये जिना एकाच दिशेचा असतो. सी, बी, ए, मग प्रो, नाहीतर घरी. व्हिंटेजमध्ये निम्म्याहून जास्त माणसं उतरणीला लागलेली. तिथे खाली यायची पायरीही तेवढीच रुंद हवी, आणि खाली आलेल्याकडे बघून कुणी खुसखुसता कामा नये. तुमच्या पाचव्याला लोक सँडबॅगर म्हणतील, मुद्दाम खालच्या वर्गात बसून कप उचलणारा. म्हणू देत. पण त्याच शब्दाच्या भीतीने माझा नवरा खाली येत नाही, हेही लक्षात घ्या.

या वर्षी अर्ज मी भरलाय. इंटरमीडिएट. त्याला गेटवर कळेल.

माणदेशी

ताई, आमच्याकडे वस्ताद म्हणतात, लंगोट उतरवायचा दिवस पैलवानाला कळत नाही, त्याच्या बायकोला कळतो. पटलं.

जावावाला

वर आलेल्या मुद्द्याला जोडून. मोठे लोक हे कसं करतात बघा. जेफ स्मिथ, १९६४ आणि ६५ चा ५०० सीसीचा विश्वविजेता, बीएसएवर. पुढे अमेरिकेत अहर्माचा कारभार त्याने पाहिला आणि साठीच्या आसपास स्वतःही व्हिंटेज शर्यतींत उतरत राहिला. डिक मान, १९६३ आणि ७१ चा अमेरिकेचा ग्रँड नॅशनल चॅम्पियन, तोही जुन्या गाड्यांवर परत आला होता. अशा माणसाला वयाच्या गटात धावू दिलं तरी बाकीचे साठीचे काय करणार? नुसतं ६०+ म्हणून भागत नाही, ६०+ मध्येही पायऱ्या लागतात. वयाची फूटपट्टी सरळ दिसते, पण ती शरीर मोजते, हात मोजत नाही.

हिशोबनीस

आणि मग गणित कोसळतं, हेही लिहून ठेवतो. गाडीचे समजा आठ वर्ग, वयाचे चार गट, प्रत्येकात तीन पायऱ्या. आठ अधिक चार, गुणिले तीन, म्हणजे ३६ निकाल. मैदानात माणसं समजा १२०, काही जण दोन वर्गांत. म्हणजे एका निकालाला चार-पाच जण. एल्सिनोरकरांच्या नोव्हिसमध्ये पाचच का होते त्याचं उत्तर इथे आहे. पायऱ्या जितक्या बारीक कराल तितका न्याय वाढतो आणि शर्यत संपते. शेवटी प्रत्येक जण आपापल्या वर्गात पहिला.

खवचट_काका

आमच्या सोसायटीच्या गणपतीतली फॅन्सी ड्रेस स्पर्धा. उत्तेजनार्थ ४२.

एल्सिनोरकर

मंडळी, अपडेट. (मधे दीड महिना गेला, क्षमस्व. बर्फ वितळायची वाट बघत होतो.)

क्लबशी भांडलो नाही. फक्त ताईंचं ऐकून एक केलं. सरावाच्या दिवशी आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या एक्सपर्टला म्हटलं, दोन फेऱ्या माझ्या मागे ये आणि मी कुठल्या रांगेतला ते सांग. ७२ वर्षांचा माणूस, बीएसएवर. हो म्हणाला. मागून त्या फोर-स्ट्रोकचा धडधड आवाज येत होता, एकदाही जवळ आला नाही, एकदाही लांब गेला नाही. दोन फेऱ्या तसाच, दोरी बांधल्यासारखा.

खाली उतरून त्याने हेल्मेट काढलं, पाणी प्यायला, आणि म्हणाला, उडीच्या आधी तू खाली चाकाकडे बघतोस. जिथे जायचंय तिथे बघ. ब्रेक उशिरा लावायला शिकू नकोस, लवकर सोडायला शीक. मी विचारलं, मग रांग कुठली? तर म्हणाला, इंटरमीडिएटच्या गेटवर सगळ्यात बाहेरच्या टोकाला उभा राहा, पहिलं वळण जाऊ दे, मग धाव.

पाचव्याबद्दलही विचारलं. हसला. म्हणाला, त्याच्या मागे मी गेल्याच वर्षी दोन फेऱ्या गेलो होतो. क्लबला सांगितलंय. (ईमेल नंतर आला म्हणे, त्यालाही. सरळ एक्सपर्ट. एक पायरी गाळून!)

माणदेशी

लावली की नाही जोड? बीएसएवाले आजोबा म्हणजे वस्तादच. दोन फेऱ्या मागे गेले म्हणजे कान बघितला.

टू_स्ट्रोक_धूर

'लवकर सोडायला शीक' हे मला १९९४ साली कुणी सांगितलं असतं तर मनगट वाचलं असतं.

शर्यत कधी?

एल्सिनोरकर

झाली, काल.

इंटरमीडिएटमध्ये ११ जण. मी पहिल्या मोटोत दहावा, दुसऱ्यात आठवा. एकूण नववा. कप नाही, माती भरपूर. सांगितल्याप्रमाणे बाहेरच्या टोकाला उभा राहिलो. गेट पडलं तसं पहिलं वळण जाऊ दिलं आणि खरंच समोर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, मी कडेने निघून गेलो. फेऱ्या: २:३३, २:३४, २:३२, २:३५, २:३४. हिशोबनीस, पसारा बघा. तीन सेकंद.

समोरच्याच्या मागे राहिलं की आपोआप उशिरा ब्रेक लागतो हे कळलं. नोव्हिसमध्ये पुढे कुणी नसायचंच, बघणार कुणाकडे? जुलैत मिड-ओहायो ट्रॅकवर व्हिंटेज मोटरसायकल डेज आहेत, लेक्सिंग्टनला, तिथेही इंटरमीडिएटच नोंदवलंय.

पाचवा एक्सपर्टमध्ये चौथा आला. सगळं आठवलं त्याला.

ब्रिस्टलवाली

छान! पसारा बघून माझ्याच हातातला झेंडा खाली आला.

आमच्याकडचं: गेटवर कळल्यावर नवरा भांडला. मग शर्यतीत दुसरा आला. आता म्हणतो, अर्ज चुकून बरोबर भरला गेला.

हिशोबनीस

तीन सेकंद! शाब्बास. पण २:३१ ची फेरी आता एकही नाही हे पाहिलंत का? वेगवान फेरी गेली, वाईट फेऱ्याही गेल्या. पुढील लेखनास शुभेच्छा.

एल्सिनोरकर

पाहिलं. सरळ रस्त्यावर सगळे पुढे निघून जातात, तिथे मार खातो. चौथ्या गिअरला इंजिन वरपर्यंत जातच नाही. पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) एक दात लहान लावून बघणार आहे.

माणदेशी

म्हणजे शेवटी दातांवरच आलं.